‘बदलू नका’ म्हणा, ‘काढू नका’ म्हणू नका: मुक्त पुस्तिकेतल्या गोठवलेल्या मजकुराला मर्यादा कशी घालावी

वर्गणी आणि पावत्यांचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम आपल्या इंदुरातल्या चार-पाच मुलांनी लिहिला, मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरा, बदला, वाटा अशा परवानगीसह, सगळ्यांना दिला आणि सोबत मराठी पुस्तिकाही केली, की खरा वाद कोडवरून होत नाही. तो होतो पुस्तिकेच्या पहिल्या आठ पानांवरून. अध्यक्षांचं मनोगत, दिवंगत सभासदाला अर्पणपत्रिका, देणगीदारांचे आभार, ‘हे आम्ही फुकट का देतो’ यावरचा लेख. वर्षानुवर्षं स्मरणिका काढणाऱ्या माणसांच्या हातून हे आपोआप लिहिलं जातं, आणि त्यात गैर काहीच नाही. पंचाईत होते ती पुढच्या वाक्याने: “पुस्तिका कुणीही घ्या, सुधारा, छापा, पण ही आठ पानं जशीच्या तशी राहिली पाहिजेत.”

अशी अट घालावी का, आणि घातली तर कितपत, हे पहिल्यांदाच परवाना लिहायला बसलेल्यांना कळावं म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणाला लोकमान्य नगरातलं एक मंडळ धरू. मंडळ काल्पनिक आहे. त्याची पुस्तिका उद्या देवासला, ग्वाल्हेरला, बडोद्याला जाणार आहे आणि तिथले लोक ती आपल्या सोयीने बदलणार आहेत, एवढं मात्र खरं मानून चाला.

माझं मत आधीच सांगून टाकते. ‘बदलू नका’ आणि ‘काढू नका’ या दोन वेगळ्या अटी आहेत आणि लोक त्या एका दमात लिहितात. पहिलीचा त्रास थोडा. दुसरीचा त्रास तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला होतो. मनोगत लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त पहिलीच हवी असते.

पायरी १: मजकुराचे तीन गठ्ठे करा

पुस्तिकेचा कच्चा प्रिंट काढा आणि प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीने क, ओ किंवा म लिहा.

क म्हणजे कामाचा मजकूर: प्रोग्राम कसा बसवायचा, पावती कशी छापायची, वर्षअखेरीचा ताळेबंद कसा काढायचा. यातली एक ओळही गोठवायची नाही. प्रोग्राम बदलला की ही ओळ बदलावी लागणार, आणि ती बदलता आली नाही तर पुस्तिका चुकीची ठरणार.

ओ म्हणजे ओळख: लेखकांची नावं, कॉपीराइटचं साल, परवान्याचं नाव, ‘हमी नाही’ ही सूचना. हे काढू नये असं म्हणणं रास्त आहे. घेणाऱ्याला आपल्या हातात काय आहे, कुणाचं आहे आणि त्याचं काय करता येतं हे कळायला हवं. पण ते आटोपशीर हवं.

म म्हणजे मत आणि मन: मनोगत, अर्पणपत्रिका, लेख, शुभेच्छा. हे माणसाचं स्वतःचं बोलणं आहे. दुसऱ्याने त्यात शब्द घुसवून ते त्याच्याच नावावर खपवू नयेत, ही अपेक्षा योग्यच.

गोंधळ असतो सरमिसळ झालेल्या परिच्छेदांत. चिटणीसकाकांच्या मनोगतात हमखास एक वाक्य सापडतं: “पावती क्रमांक दरवर्षी १ पासून सुरू करावा, आणि अडचण आल्यास अमुकला फोन करावा.” मनोगत गोठवलं की ही सूचनाही गोठली आणि तो फोन नंबरही. तो मुलगा दोन वर्षांनी नोकरीसाठी पुण्याला जातो, नंबर बदलतो, पण ग्वाल्हेरची छापील प्रत तोच नंबर सांगत राहते. असं वाक्य उचलायचं आणि कामाच्या प्रकरणात नेऊन ठेवायचं. काका नाराज होतील. समजावून सांगा.

हा नियम माझ्या पदरचा नाही. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा पुस्तिकांसाठीचा परवाना आहे, जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स, म्हणजे जीएफडीएल. त्यात ‘इन्व्हेरियंट सेक्शन’ नावाची सोय आहे: लेखकाने नेमून दिलेली प्रकरणं पुढच्या कुणालाही बदलता येत नाहीत आणि काढताही येत नाहीत. पण कुठलंही प्रकरण असं नेमता येत नाही. ते प्रास्ताविक किंवा परिशिष्ट असावं लागतं आणि पुस्तकाच्या मूळ विषयातलं त्यात काहीही चालत नाही. परवान्यानेच उदाहरण दिलं आहे: पुस्तक अंशतः जरी गणिताचं असलं, तरी अशा प्रकरणात गणित समजावता येणार नाही. हा परवाना तुम्ही वापरणार नसलात तरी ही कसोटी उचलण्यासारखी आहे.

पायरी २: आधी काय घडलं ते पाहून घ्या

जीएफडीएलची पहिली प्रसिद्ध आवृत्ती मार्च २००० ची. या परवान्यात मर्यादा अगदीच नाहीत असं नाही. मुखपृष्ठावरचा सक्तीचा मजकूर जास्तीत जास्त ५ शब्द, मलपृष्ठावरचा २५. गंमत अशी की बाहेरच्या पानांवर इतकी काटकसर करणाऱ्या या परवान्यात आतल्या गोठवलेल्या प्रकरणांना शब्दांची मर्यादाच नाही. आणखी एक दार उघडं आहे. पुस्तिका सुधारणारा माणूस स्वतःचं नवं प्रास्ताविक जोडून तेही गोठवू शकतो. म्हणजे देवासच्या मंडळाने पावतीचं प्रकरण छान सुधारलं, सोबत आपल्या अध्यक्षांचं मनोगत गोठवून लावलं, की सुधारणा परत इंदूरला आणायची तर ते मनोगतही आणावं लागणार. मूळ लेखकालाच आपल्या पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ती नकोशी व्हावी, असा हा प्रकार.

डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने यावर बराच काळ वाद घातला. मार्च २००६ मध्ये मतदान होऊन निर्णय झाला: जीएफडीएलखालचं लेखन, त्यात न बदलता येणारे भाग नसतील तर, मुक्त मानायचं, असतील तर नाही. त्यामुळे ईमॅक्स हा जीएनयूचा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम डेबियनच्या मुख्य भांडारात आहे, पण त्याचं मॅन्युअल ‘नॉन-फ्री’, म्हणजे मुक्त नसलेल्या, विभागात. त्या मॅन्युअलमध्ये जीएनयूचा जाहीरनामा गोठवलेला आहे. जाहीरनाम्यातल्या विचारांशी डेबियनवाल्यांचं भांडण नव्हतं. तो काढता येत नाही, याच्याशी होतं.

विकिपीडियाही बरीच वर्षं याच परवान्याखाली होता, पण ‘गोठवलेली प्रकरणं नाहीत, मुखपृष्ठाचा मजकूर नाही, मलपृष्ठाचा मजकूर नाही’ असं स्पष्ट लिहून. नोव्हेंबर २००८ मध्ये जीएफडीएलची १.३ आवृत्ती आली, तिने अशा सामूहिक स्थळांना ठरावीक मुदतीत परवाना बदलण्याची पळवाट दिली आणि जून २००९ मध्ये विकिपीडिया क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए परवान्यावर गेला, म्हणजे श्रेय द्या आणि बदललेलंही त्याच परवान्याखाली वाटा. लाखो लेखांत एकाने जरी आपलं प्रास्ताविक गोठवलं असतं, तर काय झालं असतं याची कल्पना करा.

कोडच्या बाजूलाही हा धडा एकदा मिळून गेला आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जुन्या बीएसडी या सॉफ्टवेअर परवान्यात अट होती की सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांची जाहिरात करताना विद्यापीठाचं नाव घेणारं एक ठरावीक वाक्य छापायचंच. एक वाक्य, त्यात काय एवढं? पण पुढच्या लेखकांनी विद्यापीठाच्या जागी आपापलं नाव घातलं आणि प्रत्येकाचं वाक्य वेगळं झालं. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९९७ च्या एका आवृत्तीत जीएनयू प्रकल्प सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी ७५ वाक्यं मोजली. बर्कलीने ही अट २२ जुलै १९९९ रोजी मागे घेतली. हेच स्टॉलमन पुढे इन्व्हेरियंट सेक्शनची बाजू घेतात, हे मला आजही थोडं कोड्यातच टाकतं.

पायरी ३: तुमच्या अटीची किंमत दुसऱ्याच्या खिशातून मोजा

ही पायरी लोक टाळतात, म्हणून कागद घेऊन करायला सांगते.

छपाई सोळा पानी फर्म्याने होते. बडोद्याच्या गटाने पुस्तिका आटोपशीर करून ४५ पानांत बसवली. तीन फर्मे म्हणजे ४८ पानं, तीन पानं शिल्लक. तुमची आठ पानं सक्तीची असतील तर ५३ होतात आणि चौथा फर्मा चढतो. खजुरी बाजारातला कुठलाही छापखानेवाला तुम्हाला सांगेल की चौथा फर्मा म्हणजे नवा कागद, नव्या प्लेटा आणि बांधणीचा वेगळा भाव. इंदूरच्या अध्यक्षांचं मनोगत छापायला बडोद्याने पैसे का मोजावेत?

आता उलट टोक घ्या. कुणाला पुस्तिकेतून फक्त ‘पावती कशी फाडायची’ एवढं घेऊन एका पानाचा लॅमिनेट केलेला तक्ता करायचा आहे, मंडपात टेबलाजवळ टांगायला. ‘काढू नका’ या अटीखाली त्या एका पानासोबत आठ पानं टांगावी लागतील. म्हणजे तक्ता होणारच नाही.

तिसरा हिशेब अनुवादाचा, आणि आपल्याला तो सगळ्यात जवळचा. जीएफडीएलमध्ये गोठवलेल्या प्रकरणाच्या जागी त्याचा अनुवाद ठेवायला कॉपीराइटधारकाची वेगळी परवानगी लागते. तशी परवानगी नसेल तर अनुवाद द्या, पण मूळही सोबत ठेवा. आपण इंग्रजी मॅन्युअल मराठीत आणतो तेव्हा इंग्रजी प्रास्ताविक तसंच मागे लटकत राहतं. उद्या कुणी आपली मराठी पुस्तिका गुजरातीत नेली, तर आपलं मराठी मनोगत त्यांच्या गळ्यात.

चौथा थोडा तांत्रिक. पुस्तिकेतलं प्रकरण प्रोग्रामच्या आत ‘मदत’ म्हणून बसवायचं असेल, तर पुस्तिकेचा परवाना प्रोग्रामच्या परवान्याशी जुळायला हवा. बीवाय-एसए ४.० खालचा मजकूर जीपीएल या जीएनयूच्याच प्रोग्रामसाठीच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखालच्या प्रोग्राममध्ये नेता येतो. क्रिएटिव्ह कॉमन्सने २०१५ मध्ये तशी एकतर्फी सुसंगती जाहीर केली आहे. गोठवलेला मजकूर तसा नेता येत नाही.

पायरी ४: मग मर्यादा ठरवा

ओ गठ्ठ्यासाठी मी एक पान धरते, तेही पूर्ण नाही. नावं, साल, परवाना, हमीची सूचना, मूळ पुस्तिका कुठे मिळेल ते. देणगीदार इथे येत नाहीत. त्यांचे आभार म गठ्ठ्यात जातात, कितीही मोठी देणगी असो. हा वाद मंडळाच्या बैठकीत तापेल, पण इथे सैल सोडलं तर दरवर्षी यादी वाढत जाईल आणि ती कुणालाच काढता येणार नाही.

अपाचे या आणखी एका मुक्त परवान्याच्या जानेवारी २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीतला एक नियम इथे कामाला येतो. त्यात ‘नोटिस’ नावाच्या फाइलमधली श्रेयं पुढे न्यावी लागतात, पण तुम्ही जो भाग घेतलाच नाही त्याच्याशी संबंधित श्रेयं वगळता येतात. तुमच्या अटीतही हे वाक्य घाला. चार प्रकरणांपैकी एकच घेतलं तर त्याच प्रकरणाच्या लेखकांची नावं जातील.

म गठ्ठ्यासाठी: बदल नको, काढायला पूर्ण मोकळीक, सोबत अनुवाद जोडायला मोकळीक, आणि पुढच्यांनी नवं गोठवलेलं पान सक्तीने जोडायचं नाही.

इथे कुणीतरी विचारणारच, “काढायला परवानगी दिली तर आमच्या मनोगताचा मान काय राहिला?” भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याचं कलम ५७ लेखकाला खास हक्क देतं: लेखन आपलं आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचा. कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यावरही हे हक्क राहतात. म्हणजे मनोगतात कुणी भलतंसलतं घुसवलं तर परवान्यात काही लिहिलेलं नसतानाही कायदा मागे उभा आहे. त्याच कलमाचं स्पष्टीकरण असंही म्हणतं की कृती प्रदर्शित न करणं किंवा लेखकाच्या मनासारखी प्रदर्शित न करणं हा या हक्कांचा भंग नाही. मोडतोड एका बाजूला, न दाखवणं दुसऱ्या बाजूला, हा फरक कायद्यालाही कळतो.

पायरी ५: परवान्यात हात न घालता फाइली वेगळ्या करा

नवशिके इथे हमखास एक गोष्ट करतात: तयार परवाना घेतात आणि खाली स्वतःची ओळ जोडतात. असं करू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याला जादा बंधन जोडलंत तर त्याला क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणता येत नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तर कलम ७ आहे. वाजवी कायदेशीर सूचना आणि लेखकांचं श्रेय राखण्याची अट जोडता येते, पण परवानगीच्या यादीबाहेरचं जादा बंधन घातलंत तर घेणारा ते सरळ काढून टाकू शकतो. “प्रोग्राम उघडताच दिसणारी देणगीदारांची पाटी हटवू नये” ही ओळ लेखकांच्या श्रेयात बसत नाही. ती तशीच लिहिलीत तर वाद ओढवून घ्याल आणि पाटीही जाईल.

सोपा मार्ग असा. प्रोग्राम जीपीएलखाली. पुस्तिकेची प्रकरणं बीवाय-एसए ४.० खाली. मनोगत, लेख, अर्पणपत्रिका ‘मनोगत’ नावाच्या स्वतंत्र फाइलीत, बीवाय-एनडी ४.० खाली, म्हणजे वाटा पण बदललेलं वाटू नका. कुठल्याही परवान्याने त्या फाइलीची सक्ती केलेली नाही, त्यामुळे ज्याला नको तो ती घेणारच नाही. ‘बदलू नका’ झालं, ‘काढू नका’ आलंच नाही, आणि एकाही परवान्याची मोडतोड झाली नाही. नावांचं म्हणाल तर बीवाय-एसए ती राखायला सांगतोच, तेही माध्यमाला साजेल अशा वाजवी पद्धतीने. एका पानाच्या तक्त्यावर तळाशी एक ओळ पुरते.

परवान्याचा मजकूर मात्र स्वतः गोठवलेलाच असतो. जीपीएलच्या डोक्यावरच लिहिलं आहे की प्रती काढा, वाटा, पण हा दस्तऐवज बदलू नका. यावर कुणी ‘मग आम्हीही गोठवू’ म्हणालं, तर त्यांना सांगा की करार आणि कराराखाली दिलेली वस्तू एक नव्हे. करार कुणीही मधेच बदलला तर कोणाला काय हक्क आहेत हेच कळणार नाही.

मंडळाला आपल्या नावाची काळजी असेल, की कुणी चुकीची पुस्तिका काढून आमच्या नावावर खपवेल, तर मजकूर न गोठवता नाव राखा. सुधारित आवृत्तीला वेगळं नाव किंवा वेगळा आवृत्ती क्रमांक द्यावा, अशी अट मुक्त स्रोताच्या व्याख्येत बसते. आपण वापरतो त्यातले कितीतरी देवनागरी फाँट एसआयएल या संस्थेच्या ओपन फाँट लायसन्स या फाँटसाठीच्या परवान्याखाली आहेत. त्यात लेखकाला नाव राखून ठेवता येतं: अक्षरं बदला, पण बदललेल्या फाँटला ते नाव लावू नका. पुस्तिकेचा परवाना तयार असेल तर ही गोष्ट अट म्हणून न जोडता पहिल्या पानावर विनंती म्हणून लिहा. बीवाय-एसएमध्ये केलेला बदल सांगण्याचं बंधन आधीच आहे.

पायरी ६: शब्द असे लिहा

पहिल्या पानासाठी नमुना:

“या पुस्तिकेची प्रकरणं १ ते ९ क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए ४.० परवान्याखाली आहेत. लेखक: (नावं), (साल). ‘मनोगत’ ही फाइल वेगळी असून बीवाय-एनडी ४.० परवान्याखाली आहे. ती पुस्तिकेसोबत ठेवणं ऐच्छिक आहे.”

आणि मनोगताच्या तळाशी:

“हा लेख आहे तसा वाटावा. त्याचे मराठीखेरीज इतर भाषांतले अनुवाद ‘अनुवाद’ असं नमूद करून प्रसिद्ध करायला लेखकाची परवानगी आहे.”

ही दुसरी ओळ विसरू नका. बीवाय-एनडीखाली अनुवाद म्हणजे बदलच, आणि परवानगीशिवाय तो प्रसिद्ध करता येत नाही. जादा बंधन घालणं आणि जादा परवानगी देणं यात फरक आहे; परवानगी केव्हाही देता येते.

‘शक्यतो’, ‘योग्य तो मान राखून’, ‘मूळ भावनेला धक्का न लावता’ असे शब्द मनोगतात शोभतात, परवान्यात नाही. ग्वाल्हेरचा अनोळखी माणूस ते वाचून एकतर घाबरेल किंवा दुर्लक्ष करेल.

पायरी ७: परक्या माणसाकडून तपासून घ्या

मंडळाबाहेरच्या कुणालातरी पुस्तिका द्या आणि तीन कामं सांगा: एक प्रकरण काढून तक्ता कर, मनोगत वगळून प्रत कर, एक पान हिंदीत आण. प्रत्येक वेळी विचारा की कुठे अडलास, कुणाची परवानगी मागावीशी वाटली. परवानगी मागावीशी वाटली तिथे तुमची भाषा सैल आहे.

राहता राहिल्या आधीच ‘काढू नका’ लिहून वाटलेल्या पुस्तिका. त्या अटीतून मोकळं करण्याचा हक्क फक्त कॉपीराइटधारकांना, आणि मनोगताचा कॉपीराइट मंडळाकडे नसतो, लिहिणाऱ्याकडे असतो. तो गेला की वारसांकडे जातो, निधनानंतर ६० वर्षांपर्यंत. एकाचा मुलगा बंगळुरूला, दुसऱ्याची मुलगी टोरांटोला, मग सह्या कोण गोळा करणार? म्हणून जुन्या पुस्तिकेतल्या प्रत्येक मनोगतासाठी लेखकाकडून आत्ताच एका ओळीची लेखी परवानगी घ्या, “माझा लेख पुस्तिकेतून वगळायला हरकत नाही”, खाली सही आणि तारीख. तिचा फोटो सोर्स कोडच्या शेजारी, परवान्याच्या फाइलीसोबत ठेवा.